जुन्या पिकअपची फोर-व्हील कधी लागते, कधी लागत नाही: ट्रान्सफर केस उतरवण्याआधी काय तपासावे

माझ्याकडे अकरा वर्षे वापरलेली एक डिझेल पिकअप आहे. मी ती घेतली तेव्हा मीटरवर १,६२,००० किलोमीटर होते आणि घेण्याचे खरे कारण तिची फोर-व्हील हेच होते. मानवत तालुक्यातल्या आमच्या शेतावर जायला डांबरी रस्ता सोडल्यावर अडीच किलोमीटर पाणंदीने जावे लागते. पावसाळ्यात ती पाणंद बंद असते हे वेगळे सांगायला नको. परंतु जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की रब्बीतही चाऱ्या पाझरून तीच गत होते. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, दोन फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग नवा टायरही झिजलेल्या टायरसारखाच घसरतो. अशा जागी मागची दोन चाके फक्त खड्डा खणतात. गाडी बाहेर काढायची असेल तर पुढच्या चाकांनी ओढावेच लागते.

गाडी ऑक्टोबरमध्ये घेतली आणि डिसेंबरात तक्रार सुरू झाली. सकाळी सातच्या सुमारास स्विच टू-एचवरून (ताकद फक्त मागच्या चाकांना) फोर-एचवर (ताकद चारही चाकांना) फिरवला की डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा आणि लुकलुकतच राहायचा. दुपारी तोच स्विच फिरवला की खालून ‘टक्’ असा आवाज यायचा आणि दिवा स्थिर व्हायचा. गाडी गॅरेजवर नेहमी दुपारीच पोहोचत असल्यामुळे तिथे ती कधी नापास झालीच नाही. तीन ठिकाणी दाखवल्यावर तीन निदाने मिळाली. एकाने स्विच बदलला, दुसऱ्याने कंट्रोल युनिट गेल्याचे सांगितले आणि तिसऱ्याने ट्रान्सफर केस उतरवून उघडण्याचा १८,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला. यांपैकी एकानेही गाडीखाली जाऊन पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा जॉइंट शाफ्ट हाताने फिरवून पाहिला नव्हता, आणि माझ्या मते सगळ्या निदानाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

बहुतेक पिकअपमध्ये असते ती पार्ट-टाइम फोर-व्हील. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. टू-एचमध्ये ती ताकद फक्त मागच्या शाफ्टला देते. फोर-एचमध्ये आतला फोर्क एक कॉलर सरकवून साखळीवाटे पुढचा शाफ्ट मागच्या शाफ्टशी पक्का जोडतो. पुढच्या शाफ्टची ताकद पुढच्या डिफरन्शियलमध्ये, तिथून दोन्ही बाजूंच्या अॅक्सलमध्ये आणि शेवटी चाकाच्या हबमध्ये जाते. ज्या गाड्यांत लॉकिंग हब असतात, त्यांत हब लॉक झाल्याशिवाय अॅक्सल फिरला तरी चाक फिरत नाही. म्हणजे या सगळ्या कामाच्या तीन कड्या आहेत: स्विच दाबल्यावर ट्रान्सफर केसपर्यंत हुकूम पोहोचतो का, ट्रान्सफर केस पुढचा शाफ्ट पकडते का, आणि हब चाकाला पकडतात का. बिघाड कोणत्या कडीत आहे हे ठरण्याआधी सुटे भाग विकत घेणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

दिव्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. माझ्या गाडीत हा दिवा ट्रान्सफर केसवरच्या पोझिशन सेन्सरवरून चालतो. फोर्क ठरलेल्या जागी पोहोचला की तो स्थिर होतो. हुकूम दिला आहे पण फोर्क पोहोचलेला नाही, अशी स्थिती असेल तर लुकलुकतो. हबमध्ये काय चालले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. त्यामुळे दिवा स्थिर आहे एवढ्यावरून पुढची चाके ओढत आहेत असे मानू नये. ही चूक मीही केली आणि तिची किंमत हरभऱ्याच्या शेतात मोजली. ते पुढे येईलच.

तपासणीसाठी सपाट, कठीण जागा हवी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवावा आणि पुढची दोन्ही चाके जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. इंजिन बंदच राहील. फोर-व्हीलमधली गाडी जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकणे हा जिवावरचा खेळ आहे, कारण जमिनीवर टेकलेली मागची चाके गाडीला स्टँडवरून पुढे ढकलतात. आता टू-एचमध्ये पुढचा शाफ्ट हाताने फिरवून पाहावा; तो फिरला पाहिजे. मग गाडी खाली उतरवून ती फोर-एचमध्ये टाकावी, मोकळ्या मातीवर दहा-पंधरा मीटर पुढे चालवावी, रिव्हर्स न घेता थांबवावी आणि पुन्हा त्याच पद्धतीने उचलावी. एवढा उपद्व्याप अशासाठी, की आतले दात एकमेकांसमोर येण्यासाठी थोडी हालचाल लागते आणि आपोआप लॉक होणारे हबही फिरल्याशिवाय पकडत नाहीत. बरेचसे ऑटो हब उलटे फिरले की सुटतात, म्हणून रिव्हर्स टाळायचा.

आता पुढचा शाफ्ट किंचित खेळ सोडला तर फिरता कामा नये, कारण तो मागच्या शाफ्टशी जोडलेला आहे आणि मागची चाके जमिनीवर आहेत. तो आरामात फिरत असेल तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिला हुकूम देणाऱ्या वायरिंगमध्ये आहे. शाफ्ट पक्का असेल तर डावे चाक हाताने पुढे फिरवावे. दोन्ही हब लॉक असतील तर उजवे चाक उलट्या दिशेने फिरेल. एक चाक फिरताना दुसरे ढिम्म उभे राहिले तर कोणता तरी हब सुटा आहे. एकच हब सुटा असला तरी साध्या डिफरन्शियलमध्ये सगळी ताकद त्या सुट्या अॅक्सलवाटे वाया जाते आणि लॉक असलेले चाकही ओढत नाही. ‘एका चाकाने तरी ओढेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

माझ्या गाडीची ही तपासणी मी मुद्दाम सकाळी साडेसहाला केली. गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. परभणी जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जाणे नवे नाही, आणि त्या दिवशीही थंडी चांगलीच होती. दिवा लुकलुकत होता, शाफ्ट हाताने सहज फिरत होता. म्हणजे हब आणि डिफरन्शियल तूर्त बाजूला राहिले. प्रश्न पहिल्या दोन कड्यांचा उरला.

या दोन कड्या वेगळ्या करण्याची जागा म्हणजे शिफ्ट मोटर; स्विचच्या हुकुमावर शिफ्ट शाफ्ट नावाचा दांडा फिरवून फोर्क सरकवते ती हीच. ट्रान्सफर केसच्या मागच्या अंगाला मुठीएवढी मोटर तीन-चार बोल्टवर बसवलेली असते. तिला दोन जाड वायरी ताकदीच्या आणि काही बारीक वायरी पोझिशन सेन्सरच्या असतात. मोटर काढण्यापूर्वी तिची आणि शिफ्ट शाफ्टची स्थिती खडूने आखून ठेवावी. तसे न करता काढली तर परत बसवताना सेन्सर आणि फोर्क यांचा मेळ चुकतो आणि एका बिघाडाचे दोन होतात. मोटर काढल्यावर शिफ्ट शाफ्ट पान्याने फिरवून पाहावा. तो टप्प्याटप्प्याने फिरत असेल तर ट्रान्सफर केसचे आतले काम बहुधा ठीक आहे. तो जाम असेल किंवा पान्याला फार जोर लागत असेल, तर मात्र ट्रान्सफर केस उघडण्याची चर्चा सुरू करायला हरकत नाही. माझा शाफ्ट लोण्यासारखा फिरला आणि १८,००० रुपयांचा तो अंदाज मी घडी करून खिशात ठेवला.

मोटर आणि तिचे कनेक्टर परत जोडून मी व्होल्टेज मोजायला बसलो. पुतण्या गाडीत स्विच फिरवायला आणि मी मल्टीमीटर घेऊन खाली. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते. मोटरच्या दोन जाड वायरींत मात्र स्विच फिरवलेल्या त्या क्षणी ९ व्होल्टांच्या आसपासच मिळत होते. मग काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक मोटरच्या रिलेंचा अर्थ (करंट परत नेणारी वायर) जिथे चेसिसला जोडला आहे तिथल्या लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला, लावले.

“काका, फिरवू का?”

“फिरव, आणि मी सांगेपर्यंत परत आणू नको.”

आकडा उडी मारून २.८ वर गेला. चांगल्या अर्थवर हा आकडा ०.२ च्या आत असायला हवा. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या ताकदीतले जवळजवळ पावणेतीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते.

त्या लगच्या बोल्टभोवती टॉर्चचा उजेड टाकला तेव्हा कारण डोळ्यांसमोर आले. गाडी विकण्याआधी कोणी तरी चेसिसला छान काळा रंग मारला होता, अगदी चकचकीत, आणि मी घेताना त्याच रंगावर भुललो होतो. रंग देताना अर्थची लग काढली गेली होती आणि सुकल्यावर रंगावरच परत आवळली गेली होती. लगच्या कडेला नखाएवढ्या जागेत रंग खरवडला गेला होता. करंट जात होता तो तेवढ्याच वाटेने. विशेष म्हणजे दुसऱ्या मिस्त्रींनी हाच अर्थ ओहमवर मोजून ठीक ठरवला होता. मीटरने अर्धा ओहम दाखवला होता आणि साध्या मीटरच्या टोकांच्या वायरींचाच रोध तेवढा भरत असल्यामुळे त्यांना शंका येण्याचे कारण नव्हते. पण मोटरने ६ अँपिअर ओढले की अर्ध्या ओहमवर ३ व्होल्ट जातात. जाड करंटची वाट नेहमी करंट चालू असतानाच मोजावी.

सकाळ-दुपारचे कोडेही इथेच सुटते. थंडीत ट्रान्सफर केसमधले तेल आणि मोटरमधले ग्रीस घट्ट असते, त्यामुळे मोटर जास्त करंट मागते. करंट वाढला की खराब अर्थवरची घट वाढते आणि मोटरला नेमक्या गरजेच्या वेळी कमी व्होल्ट मिळतात. त्यातच नुकत्याच सुरू केलेल्या डिझेल इंजिनाचे ग्लो प्लगही (थंड इंजिन आतून तापवणारे) बॅटरीवर भार टाकत असतात. दुपारी सगळे सैल झाले की तीच मोटर ९ व्होल्टांतही काम उरकते. जो बिघाड ठरावीक वेळीच येतो त्याची तपासणी त्याच वेळी करावी लागते, आणि गॅरेज सकाळी दहाला उघडत असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथे उभी करून यावी.

उपाय अर्ध्या तासाचा होता. रंग खरवडून धातू चमकेपर्यंत जागा घासली, लग बदलली, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस चोपडले. हे ग्रीस जोडणीच्या वर लावायचे असते, लग आणि चेसिसच्या मध्ये नव्हे. नवा आकडा ०.०८ आला.

अर्थ ठीक निघाला असता तर पुढची पायरी कनेक्टरची होती. आमच्याकडच्या गाड्यांत शिफ्ट मोटरच्या कनेक्टरमध्ये चिखलाचे पाणी शिरून पिना हिरव्या पडलेल्या हमखास सापडतात. त्या साफ करून सील शाबूत आहे का, हे पाहावे. त्यानंतर मोटर काढून बारा व्होल्टांवर क्षणभर दोन्ही दिशांना चालवून पाहता येते. मोटर चालते पण दिवा लुकलुकतच राहतो, अशा वेळी पोझिशन सेन्सरच्या पट्ट्या झिजल्याचा संशय घ्यावा. कंट्रोल युनिट ही यादीतली शेवटची वस्तू आहे. ती महाग आहे म्हणून नव्हे, तर मुळात क्वचितच बिघडते म्हणून.

दिवा स्थिर झाला, मी निर्धास्त झालो आणि जानेवारीत हरभऱ्याच्या रानात गाडी अॅक्सलपर्यंत रुतली. दिवा स्थिर, मागची चाके गरगर फिरत आहेत, पुढची जागच्या जागी. शेजारच्या ट्रॅक्टरने बाहेर काढली. हा दुसरा बिघाड पहिल्याच्या सावलीत बसलेला होता. फोर-व्हीलच लागत नसल्यामुळे तो दिसण्याचा प्रश्नच आला नव्हता.

माझ्या गाडीचे पुढचे हब व्हॅक्यूमवर चालतात. डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याच्या व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टर चालतो आणि एक फाटा सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून (विजेवर उघडझाप होणारी झडप) हबकडे जातो. ब्रेकचे पेडलही कडक लागत असेल तर पंपावर किंवा त्याच्या मुख्य पाइपवर संशय घ्यावा. ब्रेक नेहमीसारखे नरम असतील तर दोष हबच्या फाट्यात आहे. माझे ब्रेक ठीक होते. पंपाच्या मुखाशी गेज लावले तर २३ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मिळाला. समुद्रसपाटीपासून दर १,००० फुटांना हा आकडा साधारण १ इंचाने उतरतो आणि आमचा भाग सुमारे १,३०० फुटांवर आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाडीइतका आकडा इथे मागू नये. सोलेनॉइडपर्यंत २३, त्याच्या पुढे शून्य. सोलेनॉइडला टेस्ट लॅम्प लावला तर करंट येत होता, हात लावला तर त्याची ठोकही जाणवत होती. राहता राहिला पाइप. तो बोटांनी चाचपत गेलो तेव्हा डाव्या मडगार्डच्या आत, बरोबर वळणावर, उंदराने कुरतडलेला सापडला. सोयाबीनची पोती असलेल्या शेडमध्ये गाडी महिनाभर उभी ठेवल्याचे हे फळ होते. वीतभर पाइप बदलला, खर्च शंभर रुपयांच्या आत आला.

पाइप शाबूत असेल तर हबच्या बाजूने हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा आणि मिनिटभर काटा स्थिर राहतो का ते पाहावे. काटा उतरत असेल तर डायफ्रॅम किंवा स्टब अॅक्सलचे सील गळते आहे. हाताने फिरवण्याचे हब असलेल्यांनी या भानगडीत पडण्याचे कारण नाही. दोन्ही डायल एकाच स्थितीत आहेत ना आणि आत ग्रीसऐवजी वाळलेला चिखल भरलेला नाही ना, एवढे पाहिले तरी पुरते.

तेलाविषयी थोडक्यात. काही ट्रान्सफर केसमध्ये पातळ ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागते, काहींत गिअर ऑइल; मॅन्युअल पाहिल्याशिवाय एकाच्या जागी दुसरे टाकू नये. तेल काढण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते आधी पाहावे, नाही तर केस रिकामी आणि बोल्ट जाम अशी फजिती होते. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. तापलेली केस नाल्याच्या थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचे, म्हणजे केसची हवा आत-बाहेर करणारे, नळकांडे काळ्या मातीने बुजलेले असेल तर ती हवा सीलमधून पाणी ओढून घेते.

उरली ती उलटी तक्रार: फोर-व्हील लागते, पण सुटत नाही. पार्ट-टाइम यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या शाफ्टला सारखेच फिरावे लागते. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात आणि हा फरक चिखलात घसरून निघतो, डांबरावर निघत नाही. तो पीळ होऊन शाफ्टांत साठतो आणि कॉलर दातांत आवळली जाते. अशा वेळी स्विचशी भांडू नये. मोकळ्या जमिनीवर काही मीटर सरळ रिव्हर्स घेतला की पीळ उतरतो. हे सरळ रस्त्यावरही वारंवार घडत असेल तर टायर मोजावेत. नव्या टायरची नक्षी झिजलेल्यापेक्षा ७ मिलिमीटरने जास्त खोल असेल तर घेरात सुमारे ४४ मिलिमीटरचा फरक पडतो. घेर २.२ मीटरच्या आसपास धरला तर किलोमीटरमागे सुमारे नऊ फेऱ्यांची तफावत येते. पुढे नवी आणि मागे जुनी जोडी घालणाऱ्यांची हीच तक्रार असते.

टायर चारही सारखे असूनही फोर-व्हील सुटत नाही, अशी एक पिकअप पाथरी रस्त्यावरच्या आमच्या पाहुण्यांनी घेतली होती. चिखलात ती उत्तम चालायची, डांबरावर मात्र फोर-एचमध्ये शंभर मीटर गेली की करकरायला लागायची. आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी मागचे एकच चाक उचलायला लावले, दुसरे जमिनीवर राहू दिले आणि शाफ्टवर खडूने रेघ मारली. “चाक वीस फेरे घुमवा, मी शाफ्टचे मोजतो,” म्हणाले. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे झाले की शाफ्टचे फेरे डिफरन्शियलच्या गुणोत्तराइतके होतात, त्यामुळे वीस फेऱ्यांत दहापट आकडा मिळतो. मागे ३९ फेरे आणि वर थोडे आले. मग हब लॉक करून पुढे तसेच मोजले तर ४१ भरले. मागची हाउसिंग कोणत्या तरी दुसऱ्या गाडीची, भंगारातून आणून बसवलेली होती. ती उघडल्यावर चाचांनी क्राउनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या चक्राचे) दात मोजले तर ४३ निघाले, त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे ११. पुढच्या बाजूला ४१ आणि १० होते. पाहुण्यांनी त्या दिवसापासून तिची फोर-व्हील फक्त ओल्या रानात वापरायची ठरवली आहे आणि मूळ गुणोत्तराच्या हाउसिंगचा शोध अजून चालू आहे.